हजर आणि फरारी : सिद्धगडचा वकील, तानसाची तारीख

मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या कुशीत दरवर्षी नव्या सालाच्या दुसऱ्या दिवशी माणसे जमतात. थंडी मी म्हणत असते. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे या जागी विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना पोलिसांच्या गोळ्यांनी मरण आले. आज या दोघांच्या नावामागे ‘हुतात्मा’ हा शब्द लागतो. आदल्या रात्रीपर्यंत सरकारदप्तरी मात्र त्यांच्यासाठी दुसराच शब्द होता : फरारी.

कोतवालांच्या शौर्याविषयी पुष्कळ बोलले आणि लिहिले गेले आहे. २०२० साली त्यांच्यावर मराठी चित्रपटही आला. या लेखात मला त्यांच्या चरित्रातल्या एकाच गोष्टीकडे पाहायचे आहे. भाई कोतवाल वकील होते. समन्स, वॉरंट, जामीन, तारीख हे त्यांच्या रोजच्या व्यवसायातले शब्द. वॉरंट निघाल्यावर माणसाने काय करावे, हे पक्षकाराला सांगणे हे वकिलाचे कामच. स्वतःच्या नावाने वॉरंट निघाले तेव्हा हा वकील हजर झाला नाही. तो डोंगरात निघून गेला. पुढे दीड वर्षाने खुद्द गांधीजींनी भूमिगत कार्यकर्त्यांना हजर होण्याचा सल्ला दिला. तो काहींनी मानला, काहींनी मानला नाही. या सगळ्यांच्या धैर्याविषयी कोणाला शंका नाही. मग एक हजर होतो आणि दुसरा होत नाही, याचा अर्थ कसा लावायचा? आणि ज्या मुलखात हे घडले, तिथल्या साध्या माणसाची तारीख आज चुकते, तेव्हा त्यालाही तोच ‘फरारी’ शब्द लागू करायचा का?

शब्द आणि कलमे

हजर, फरार, जामीन, मुचलका, तारीख हे सगळे शब्द अरबी, फारसी, तुर्कीच्या वाटेने मराठीत आले आणि कचेरीत रुळले. ‘वॉरंट’ तेवढा इंग्रजीतून आला, पण तोही आता परका राहिलेला नाही. गावाकडची माणसे हे शब्द कसे वापरतात ते ऐकण्यासारखे आहे. ‘तारीख पडली’, ‘तारीख चुकली’, ‘वॉरंट निघालं’, ‘मग हजर झाला’. तारीख चुकली असे म्हणताना ती कोणी चुकवली हे वाक्यात येतच नाही. पाऊस पडला, एसटी चुकली, तशीच तारीख चुकली. ‘फरारी’ या शब्दात मात्र सगळा दोष माणसाच्या पायांवर येतो. तो पळाला, असे तो शब्द सांगतो.

कायद्याला या दोन बोलींमधला फरक माहीत नव्हता असे नाही. इंग्रजी अमलात १८६१ साली फौजदारी प्रक्रिया संहिता आली. १८८२ आणि १८९८ मध्ये ती नव्याने लिहिली गेली. १८९८ ची संहिता स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली आणि १९७३ च्या संहितेने तिची जागा घेतली. या सगळ्या बदलांत वॉरंटाचा गाभा फारसा हलला नाही. तो तीन गोष्टींत सांगता येईल.

पहिली गोष्ट : वॉरंटाला मुदत नसते. ते बजावले जाईपर्यंत, किंवा ज्या न्यायालयाने काढले तेच ते रद्द करीपर्यंत, जिवंत राहते. वर्षे लोटली, अंमलदार बदलले, ठाण्याची इमारत बदलली, म्हणून ते विझत नाही.

दुसरी गोष्ट : आरोपी मुद्दाम दडून बसला आहे असे न्यायालयाला वाटले, तर त्याच्या नावाने जाहीरनामा काढता येतो. त्यात हजर होण्यासाठी निदान तीस दिवसांची मुदत द्यावी लागते. जाहीरनामा त्याच्या गावात चारचौघांत वाचून दाखवायचा, घरावर चिकटवायचा, कचेरीतही लावायचा. पाठोपाठ मालमत्तेची जप्ती येऊ शकते. म्हणजे कागदावरची गैरहजेरी गावभर होते. बायकामुलांच्या देखत दारावर कागद लागतो.

तिसरी गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. जप्तीनंतर दोन वर्षांच्या आत माणूस स्वतःहून आला किंवा आणला गेला, आणि आपण वॉरंट चुकवण्यासाठी पळालो नव्हतो, आपल्याला जाहीरनाम्याची खबर वेळेत मिळाली नव्हती, हे त्याने दाखवून दिले, तर मालमत्ता परत मिळते. या एका तरतुदीत कायदा कबूल करतो, की न आलेला प्रत्येक माणूस पळालेला नसतो. पुढचा सगळा विचार या कबुलीभोवती फिरतो.

माथेरानचा वकील

शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्ट्याला सरकारने शोधलेली माणसे नवी नव्हती. घाटमाथ्यावरच्या महादेव कोळ्यांचे पुढारी राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. ठाण्याची वाट कुठे जाते, याची आठवण या मुलखात जुनी आहे.

कोतवालांचा जन्म १ डिसेंबर १९१२ चा, माथेरानचा, एका नाभिक कुटुंबातला. गरिबीतून शिकून ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी त्यांनी ठिकठिकाणी शाळा सुरू केल्या. सावकाराच्या दारी जाण्याची वेळ येऊ नये म्हणून धान्यकोठीची योजना चालवली. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’चा ठराव झाला, धरपकड सुरू झाली आणि कोतवालांच्या नावानेही वॉरंट निघाले. ते भूमिगत झाले आणि कर्जत-मुरबाडच्या रानात त्यांनी ‘आझाद दस्ता’ उभारला.

दस्त्याने लक्ष्य केले ते विजेच्या मनोऱ्यांना. हे लक्ष्य का निवडले, ते नकाशा पाहिला की कळते. मुंबईचे पाणी आणि मुंबईची वीज या दोन्ही गोष्टी याच डोंगरांतून खाली उतरतात. तानसाचे धरण १८९२ पासून मुंबईला पाणी पुरवत आले आहे. खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ चे, कर्जतजवळच्या भिवपुरीचे १९२२ चे. तिथली वीज मनोऱ्यांच्या रांगांवरून मुंबईच्या गिरण्यांकडे जाई. युद्धाच्या काळात हे मनोरे पाडणे म्हणजे सरकारच्या नाडीवर बोट ठेवणे. दस्त्याने एकामागून एक मनोरे पाडले. सरकारने कोतवालांना पकडून देणाऱ्यास बक्षीस जाहीर केले. वर्षअखेरीस दस्ता सिद्धगडाच्या रानात मुक्कामाला होता. ठावठिकाणा कळला, आणि २ जानेवारीच्या पहाटे हॉल या पोलीस अधिकाऱ्याच्या तुकडीने त्यांना गाठले. हिराजी पाटील जागीच पडले. जखमी कोतवालांनाही तिथेच गोळी घातली गेली. त्यांनी वयाची तिशी नुकतीच ओलांडली होती.

वॉरंटाचा खरा अर्थ इथे आठवावा. वॉरंट हा पोलिसांना दिलेला हुकूम असतो आणि त्यात लिहिलेले असते की या माणसाला आमच्यापुढे आणा. आणा, म्हणजे जिवंत आणा. सिद्धगडच्या जखमी वकिलाला कोणत्याही न्यायाधीशापुढे आणले गेले नाही. जो हजर झाला नाही म्हणून फरारी ठरला, तो हाती लागल्यावर त्याला हजर करण्याची जबाबदारी ज्यांची होती, त्यांनीही ती पाळली नाही. फरारी म्हणायचेच असेल तर त्या पहाटे कायदाही फरारी होता.

पलीकडे न्यायाधीश नसेल तर?

कोतवाल हजर का झाले नाहीत, याचे सरळ उत्तर त्यांना लढायचे होते हे आहे, आणि ते पुरेसेही आहे. पण १९४२ साली हजर होणाऱ्याच्या वाट्याला काय येत होते, तेही पाहिले पाहिजे. त्या वर्षी हजारो कार्यकर्त्यांना भारत संरक्षण नियमांतल्या २६ व्या नियमाखाली स्थानबद्ध केले गेले. स्थानबद्ध माणसावर आरोपपत्र नसते, खटला नसतो, तारीख नसते. त्याचा पुकारा होत नाही, कारण पुकारा करायला कोर्टच नसते.

सिद्धगडानंतर चार महिन्यांच्या आत, एप्रिल १९४३ मध्ये, याच नियमाचा प्रश्न दिल्लीच्या फेडरल कोर्टापुढे आला. खटल्याचे नाव ‘केशव तळपदे विरुद्ध सम्राट’. तळपदे हे मुंबई सरकारने स्थानबद्ध केलेले. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांच्या न्यायालयाने निर्णय दिला की मूळ कायद्याने जेवढा अधिकार दिला, त्यापलीकडे २६ वा नियम गेला आहे. तो अवैध आहे. ज्या नियमाखाली देशभर माणसे डांबली होती, तो नियमच कायद्यात बसत नव्हता. सरकारने मग काही दिवसांतच अध्यादेश काढून मूळ कायद्यात दुरुस्ती केली, आणि तीही पूर्वलक्षी. कोर्ट जिंकून देते आणि सरकार आठवड्याभरात ते जिंकणे पुसून टाकते, असा तो काळ होता. अशा काळात वकिलाने पक्षकाराला काय सल्ला द्यावा?

पाचगणीचा सल्ला

सल्ला आला तो गांधीजींकडून, आणि तोही उलट दिशेचा. ६ मे १९४४ रोजी आगाखान पॅलेसमधून त्यांची सुटका झाली. तोवर अनेक भूमिगत कार्यकर्त्यांना दडून राहायला दोन वर्षे होत आली होती. गांधीजींच्या सत्याग्रहात लपण्याला जागा नव्हती. कायदा मोडायचा तो उघड, आणि शिक्षा भोगायची तीही उघड. जूनमध्ये त्यांनी अरुणा असफ अली यांना पत्र लिहिले. त्यांच्या धैर्याचे मनापासून कौतुक केले, प्रकृती ढासळल्याची काळजी व्यक्त केली आणि हजर होऊन अटकेसाठी लावलेले बक्षीस हरिजनकार्याला मिळवून द्यावे असे सुचवले. जुलैमध्ये पाचगणीच्या मुक्कामातून भूमिगतांना सर्वसाधारण सल्लाही तोच गेला : गुप्तता सोडा, उघडपणे हजर व्हा.

या सल्ल्याला मुंबई इलाख्यातूनच दोन प्रकारची उत्तरे मिळाली. कर्नाटक भागातले भूमिगत पुढारी रंगनाथ दिवाकर हजर झाले. त्यांच्याप्रमाणे आणखीही काहींनी तोच मार्ग धरला. अरुणा असफ अली आणि अच्युतराव पटवर्धन यांनी तो धरला नाही. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चालू होते. नाना पाटीलही हजर झाले नाहीत. हे सगळे बाहेर आले ते १९४६ मध्ये, वॉरंटे मागे घेतली गेल्यावर. त्या वर्षी एप्रिलमध्ये बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ मुंबईत पुन्हा सत्तेवर आले होते.

दिवाकर हजर झाले म्हणून भित्रे ठरत नाहीत आणि नाना पाटील हजर झाले नाहीत म्हणून कायद्याचे शत्रू ठरत नाहीत. दोघांनी एकाच प्रश्नाची दोन उत्तरे दिली. दारापलीकडे जो बसला आहे तो माझे म्हणणे ऐकून घेईल का, हा तो प्रश्न. गांधीजींचे उत्तर होते : त्याने ऐकले नाही तरी मी उघडपणे उभा राहीन, त्यातच माझे बळ आहे. नाना पाटलांचे उत्तर होते : ज्याला मी सरकार मानत नाही, त्याच्या दारी मी हजेरी का लावू? १९४६ मध्ये दार तेच राहिले, पलीकडची माणसे बदलली, आणि हजर होण्याची गरजच संपली. वॉरंटाला मुदत नसते हे वर सांगितले. ते संपण्याचे दोन मार्ग कायद्याने ठेवले आहेत, बजावणी आणि रद्दबातल. कोतवालांचे वॉरंट या दोन्हींपैकी एकाही मार्गाने संपले नाही.

तानसाकाठची तारीख

आता दार आपले आहे. १९५० पासून पलीकडे बसलेला न्यायाधीश आपल्या संविधानाची शपथ घेतलेला आहे. तेव्हा हजर न होण्यामागे राजकीय कारण उरले नाही. तरी तारखा चुकतात, आणि त्या का चुकतात हे समजायला तानसाच्या रानात यावे लागते.

शहापूर तालुक्यातल्या तानसा अभयारण्याभोवती आणि मुरबाडच्या डोंगरउतारांवर वारली, ठाकर, कातकरी यांचे पाडे आहेत. १९२७ च्या वन कायद्यात राखीव जंगलातले लाकूड तोडणे, गुरे घुसवणे, जमीन कसणे हे गुन्हे आहेत. अशा खटल्यात माणूस मुचलक्यावर सुटतो, पुढची तारीख घेऊन पाड्यावर जातो. भातकापणी होते, दिवाळी येते. दिवाळी झाली की कातकऱ्यांची कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडी, कल्याण, वसईकडे. उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे मध्येच परत येता येत नाही. घराला कडी लागते ती पावसाच्या तोंडाशी उघडते. मधल्या काळात तालुक्याच्या कोर्टात नावाचा पुकारा होतो. एकदा, दोनदा, तीनदा. कोणी ‘हजर’ म्हणत नाही. जामीनपात्र वॉरंट निघते, ते बजावायला आलेला शिपाई कडी पाहून परत जातो, आणि कागदावर शेरा येतो : इसम मिळून येत नाही. पुढच्या वेळी वॉरंट अजामीनपात्र होते.

हा माणूस पळाला का? दोन वर्षांच्या त्या जुन्या तरतुदीतला प्रश्नच पुन्हा समोर येतो. तो कुठे गेला आहे हे सगळ्या पाड्याला माहीत असते. लपण्याचा त्याचा हेतू नसतो. पण तारीख चुकल्याचे त्याला भट्टीवर कळते, तेव्हा मात्र खरी भीती सुरू होते. आता गेलो तर आत टाकतील, म्हणून तो जात नाही. जो फरारी नव्हता तो या भीतीने फरारी होतो. त्याला जामीन राहिलेला मेहुणा किंवा शेजारी यांच्या नावाने दंडाची नोटीस निघते, मग जामीनदारही त्याला टाळू लागतो किंवा त्याच्यावर खवळतो. सातबारा असलेला माणूस पाड्यावर आधीच दुर्मीळ. पुढच्या वेळी जामीन राहायला कोणी पुढे येत नाही.

कायदा दरम्यान कडक झाला. २००५ च्या दुरुस्तीने जामिनावर सुटून तारखेला न येणे हा स्वतंत्र गुन्हा झाला, आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद. जाहीरनाम्यानंतरही न येण्याला तीन वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितांत या तरतुदी कायम आहेत, आणि गंभीर गुन्ह्यांतल्या घोषित फरारी आरोपीचा खटला त्याच्या गैरहजेरीतही चालवता येतो. मात्र पहिल्या गुन्ह्याच्या व्याख्येत एक जागा मोकळी ठेवली आहे. जामिनावरच्या आरोपीला ‘पुरेशा कारणाशिवाय’ न आल्याबद्दलच शिक्षा होते. वीटभट्टी, आजारपण, न मिळालेले समन्स ही कारणे पुरेशी आहेत की नाहीत ते न्यायाधीशाने ठरवायचे. पण त्यासाठी ती कारणे सांगणारा माणूस त्याच्यापुढे उभा राहिला पाहिजे.

म्हणूनच आजच्या काळात हजर होण्याचा अर्थ वेगळा आहे. वकिलामार्फत वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यायचा, त्याच दिवशी स्वतः कोर्टात उभे राहायचे, कारण सांगायचे, जवळ असेल तो कागद दाखवायचा. न्यायालय खर्च बसवील, नवा मुचलका मागेल, कधी कोठडीतही ठेवील. पण पोलिसांनी पकडून आणलेला आणि आपल्या पायांनी आलेला, या दोघांत न्यायाधीश फरक करतो, कारण मुळात प्रश्न पळण्याच्या हेतूचाच असतो. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जमातीच्या माणसाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकिलाचा हक्क दिला आहे. तालुका विधी सेवा समिती त्यासाठीच असते.

न्यायालयांवरही बंधन आहे. आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट, आणि तेवढ्याने भागले नाही तरच अजामीनपात्र, असा क्रम सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये घालून दिला. २०११ चा निकाल तर थेट मुंबईतल्या प्रकरणावरचा. कोर्टात गैरहजर राहिल्यामुळे एका वकिलाविरुद्ध अजामीनपात्र वॉरंट निघाले होते. त्यांनी अर्ज करून ते रद्दही करून घेतले. तरी १५ ऑगस्ट २००२ रोजी, स्वातंत्र्यदिनी, त्याच रद्द झालेल्या वॉरंटावर त्यांना अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने त्यानंतर वॉरंटांना क्रमांक देणे, त्यांची नोंदवही ठेवणे, रद्द झालेल्या वॉरंटाची नोंद करून ते परत मागवणे यांविषयी सूचना दिल्या. कायदा जाणणाऱ्या शहरी वकिलाची ही गत, तर तानसाकाठच्या माणसाने रद्द झाल्याच्या हुकमाची प्रत जपून ठेवली पाहिजे, हे सांगायला नको. त्याला ती प्रत मिळेल, आणि ती दाखवल्यावर मानली जाईल, हे पाहणे मात्र यंत्रणेचे काम.

इथे सिद्धगडचा वकील पुन्हा आठवतो. खेड्यापाड्यातल्या माणसाला सावकाराच्या, कचेरीच्या आणि कागदाच्या भीतीतून सोडवण्यासाठी तो शाळा काढत होता. ज्या राज्यात न्यायाधीश ऐकून घेणार नव्हता, तिथे तो हजर झाला नाही. ऐकून घेणारे राज्य यावे म्हणून तो डोंगरात गेला. ते राज्य आल्याची खूण कोणती म्हणाल, तर तालुक्याच्या कोर्टात पुकारा होतो तेव्हा भट्टीवरून आलेला कातकरी दारातून न घाबरता ‘हजर’ म्हणेल, आणि इतके दिवस का आला नाहीस हा प्रश्न त्याला उत्तर ऐकण्यासाठी विचारला जाईल.

दिवाळी आता संपत आली. पाड्यांवर कड्या लागायला लागल्या असतील.